उष्टा घास

बटणने सकाळच्या वाटीला तोंड लावलं नाही, तेव्हा धाकटी म्हणाली, "नको तर नको, भूक लागली की खाशील." दुपारी तिने वाटी जरा पुढे सरकवली. संध्याकाळी मात्र ती स्वतःच फरशीवर फतकल मारून बसली आणि उकडलेल्या माशाचा तुकडा बोटांच्या चिमटीत धरून त्या एवढ्याशा कुत्र्याच्या विनवण्या करू लागली. बटणने तुकडा हुंगला, मान वळवली आणि तो मागच्या खोलीच्या दाराकडे बघत बसला.

धाकटी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. पन्नाशी उलटलेली, चष्मा लावणारी बाई. पण डोक्यावर थोरली बहीण असली की माणूस जन्मभर धाकटंच राहतं, आणि थोरली गेली म्हणून कुणी बढती देत नाही. ताई जाऊन थोडेच दिवस झाले होते. नवरा अजून तिला धाकटी म्हणत होता, समोरच्या बाई धाकटी म्हणत होत्या, आणि ती हाकेला ओ देत होती.

धाकटी कवळ्या बनवायची. गावातले दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन तिच्याकडे पाठवत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल होतं. तिथे ती ठशांत प्लास्टर ओतायची, मेणावर एकेक दात बसवायची, घासायची, पुसायची, उजेडात धरून बघायची. फळीवर जबड्यांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले असत. नवरा त्यांना "माझ्या बायकोची हसरी पलटण" म्हणायचा. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी आला की त्या गप्प जबड्यांसमोर चहा पीत बसणं त्याला फार आवडायचं.

मागची खोली ताईची. ताईने लग्न केलं नाही, आयुष्यभर कपडे शिवले. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा ती यांच्याकडे राहायला आली. येताना एक ट्रंक, एक हातांची लाकडी खुर्ची आणि हे कुत्रं घेऊन आली. पिल्लू असताना त्याने तिच्या डब्यातलं कोटाचं बटण गिळलं होतं, म्हणून नाव बटण. "तेव्हा बरं सगळं पचत होतं याला," नवरा म्हणायचा.

कारण आता काहीच पचत नव्हतं. कान आतून लालभडक, पोटावर चट्टे, पंजे चाटून चाटून ओले. रात्रंदिवस खाजवणं चालू. ताई होती तोवर तिने तेल लावून निभावलं. ती गेली आणि सगळं वाढलं. म्हणून आदल्याच दिवशी धाकटीने त्याला उचललं, शालीत गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं.

डॉक्टरीण वयाने लहान, पण हात सावकाश चालणारे. तिने कान उघडून पाहिले, पोटावरचे केस बाजूला केले आणि विचारलं, "आजवर हा काय खायचा?"

"आमच्या ताईच्या ताटातलं. उकडलेली कोंबडी, मऊ पाव, कधी अंडं, वर थोडं दूध."

"यातलं काहीतरी त्याला सोसत नसावं. कोणतं, ते असं बघून कळत नाही. म्हणून सगळंच बंद करायचं आणि कधीच न खाल्लेलं काहीतरी द्यायचं. मासा खाल्लाय याने?"

"छे हो. ताईला माशाचा वास आला तरी मळमळायचं. घरात कधी आलाच नाही."

"मग मासा आणि रताळं. नुसतं उकडून. मीठ नाही, तेल नाही. दोन महिने हेच. आणि दुसरं म्हणजे अगदी काहीच नाही, बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. चुरा पोटात गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

हे ऐकायला सोपं होतं. पण बटणला कुणी विचारलंच नव्हतं. मासा गरम दिला, गार दिला, कुस्करून दिला, रताळ्यात दडवून दिला. त्याने रताळ्याला चिकटलेला माशाचा कणही ओळखला आणि जिभेने ढकलून दिला. शेवटी नवरा गुडघ्यांवर बसला, वाटीत तोंड घातलं आणि मिटक्या मारू लागला, "अहाहा, काय मासा आहे! बटणराव, तुम्ही नाही म्हणाल तर मी संपवतो हं." वर्गात माकडचेष्टा करणाऱ्या पोराकडे मुख्याध्यापकांनी बघावं, तसं बटणने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून तो मागच्या खोलीत ताईच्या खुर्चीपाशी जाऊन पडला.

"ताईने बिघडवून ठेवलाय त्याला," नवरा मिशा पुसत म्हणाला. "तिने अर्धा घास चावून दिल्याशिवाय कधी जेवलाय का तो?"

ते खरंच होतं. ताई ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसायची. प्रत्येक तुकडा आधी आपण दातांनी अर्धा तोडायची आणि उरलेला अर्धा खाली धरायची. खाताना तिची कवळी वाजायची, टक, टक. धाकटीने कितीदा सांगितलं, "दे इकडे, घट्ट करून देते." ताई म्हणायची, "या वयात घट्ट धरून ठेवण्यासारखं काय राहिलंय माझ्याकडे?" तो टक टक आवाज आला की बटण कुठेही असला तरी धावत सुटायचा.

दिवस गेले. वाटी भरलेली जायची, भरलेलीच परत यायची. पण एक गोष्ट धाकटीच्या लक्षात येत होती आणि ती स्वतःशीही बोलत नव्हती. कुत्रं उपाशी दिसत नव्हतं. दुपारनंतर ते तृप्त होऊन पडायचं, जांभया द्यायचं. आणि मग खाजवायला लागायचं.

पुढच्या फेरीत डॉक्टरीणबाईने त्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. "वजन वाढलंय याचं. याला कुणीतरी खाऊ घालतंय. आणि जे द्यायचं नाही, नेमकं तेच घालतंय."

 घराच्या दारात नवरा भेटला, तशी धाकटीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो..."

"तुम्ही शपथ घेतली की मला जास्तच शंका येते."

"अगं, घरात कोंबडी आणली कुणी? पिशव्या तू उचकतेस, फ्रीज तू लावतेस. मी काय खिशातून कोंबडी काढतो?"

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मग राहिल्या समोरच्या बाई. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. जिन्याच्या एकाच चौकोनावर दोघींची दारं समोरासमोर होती. बाईंना बटणचा लळा होता. धाकटीने आडवळणाने विषय काढला, तशा बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी? अहो, उलट मीच तुम्हाला विचारणार होते. तुमचं कुत्रं आमच्या स्वयंपाकघरात येतं का? माझ्या पातेल्यातली कोंबडी कमी होते. एकटीचं जेवण ते केवढं? मी काय टाकलं ते मला माहीत असतं. पण जेवायला बसते तेव्हा एखादा तुकडा नसतोच."

"पातेलं उघडं राहतं का?"

"उघडं कसं राहील? झाकण जागच्या जागी असतं. खिडकीला जाळी आहे. दाराला कडी असते."

दोघींनी एकाच वेळी खाली पाहिलं. बटण धाकटीच्या पायाशी बसला होता. त्याचं डोकं तिच्या गुडघ्यालाही पोचत नव्हतं.

"आणि समजा, आला," बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तरी कुत्रं झाकण परत ठेवत नाही हो."

त्यानंतरची एक दुपार. लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता. नवरा पोरांना आणायला गेला होता. धाकटी एका म्हातारबुवांची वरची कवळी घासत होती. घासायच्या यंत्राचा पट्टा थांबवून तिने कवळी फुंकली आणि त्या क्षणभराच्या शांततेत तिला मागच्या खोलीतून आवाज आला.

टक.

तिने हातातली कवळी खाली ठेवली. असे आवाज तिच्या कामात रोजचेच. फळीवर साचे एकमेकांना लागतात, दात डब्यात पडतात. पण फळी तिच्या समोर होती आणि आवाज पाठीमागून आला होता.

टक. टक. आणि मग मध्येच थांबून, जरा दमाने, टक.

ती चपला काढून अनवाणी गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत ताईची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती, रिकामी. बटण तिच्यासमोर बसला होता, पाठ ताठ, शेपूट फरशीवर झाडूसारखं फिरत होतं. त्याची नजर खुर्चीच्या बैठकीवर नव्हती. ती वर होती, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे. मग त्याने मान पुढे केली, हवेतून काहीतरी अलगद दातांत घेतलं आणि चावू लागला. खोलीभर उकडलेल्या कोंबडीचा वास होता.

"बटण!" धाकटी ओरडली.

तो दचकला. तोंडातला तुकडा खाली पडला. शेपूट थांबलं. आणि खुर्चीचं वेताचं विणकाम, वजन उतरल्यावर होतं तसं, हळूच करकरलं.

तो तुकडा तिने रुमालात उचलला. पुढच्या खोलीत येऊन दिव्याखाली धरला, तेव्हा तिचे डोळे नेहमीसारखे आपलं काम करू लागले. जाडसर, पांढरा कोंबडीचा तुकडा. एका बाजूला बटणच्या बारीक दातांचे टोचे. दुसऱ्या बाजूला माणसाने तोडल्याची कमान. आणि त्या कमानीत डाव्या बाजूला एक खूण, शेजारच्या दातावर किंचित चढलेल्या सुळ्याची.

तो सुळा धाकटीने स्वतःच्या हाताने बसवला होता. ताईची कवळी बनवताना तिने सगळे दात सरळ रेषेत लावले होते आणि ताईने आरशात बघून कवळी परत केली होती. "हे कुणाचं तोंड बसवलंस मला? माझा वाकडा सुळा होता तसा ठेव. नाहीतर मीच मला ओळखायची नाही."

फळीच्या अगदी टोकाला, सगळ्यांच्या मागे ताईच्या तयार कवळीवरून घेतलेला, दातांसकटचा साचा होता. धाकटीने तो काढला, धूळ पुसली आणि तुकड्याला लावून पाहिला. कमान बरोबर बसली. सुळा बरोबर बसला.

आणि ती कवळी आता या जगात नव्हती. दवाखान्यात ताईचे गाल बसलेले पाहवले नाहीत, म्हणून धाकटीनेच ती शेवटी तिच्या तोंडात बसवली होती. ताईबरोबर तीही गेली होती.

नवरा आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने साचा हातात घेतला, तुकडा घेतला, एकदा लावून पाहिला, पुन्हा उलटून लावून पाहिला. खुर्ची ओढून तो हळूच बसला.

"तुला झोप नाही नीट," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने तो उठला, हत्यारांच्या पेटीतून कुलूप काढलं आणि मागच्या खोलीला लावलं. "बघू तर खरं. कुणी असेल तर बंद होईल, नसेल तर आपलं काय जातंय?"

बंद झालं. म्हणजे बटणचं जेवण बंद झालं.

आता तो खरोखर उपाशी राहू लागला. कुलूप लावलेल्या दाराच्या फटीशी नाक लावून तो पडून राहायचा. दुपार झाली की उठून बसायचा, शेपूट हलवायचा, दारावर पंजा मारायचा. मग बारीक आवाजात कण्हायचा. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. खाज जरा कमी झाली होती, पण ते पाहून आनंद व्हावा असं त्याचं रूप राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईने त्याच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "असंच चाललं तर मला याला इथे ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. तुम्ही काहीही करा, पण याच्या पोटात काहीतरी जाऊ द्या."

त्याच दिवशी जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. "बटण बांधलेला असतो ना हल्ली?" त्यांनी विचारलं. "माझी कोंबडी तर अजून जातेच आहे."

 धाकटीला आठवलं, दोन दिवसांपासून त्या दारापाशी वास येत होता. शिळा, आंबूस. तिने तो बटणच्या कानांचा वास समजून सोडून दिला होता.

नवऱ्याची वाट न बघता तिने कुलूप काढलं. दार आत ढकललं, तर ते कशाला तरी अडलं. ती वाकली.

आतल्या बाजूने, उंबऱ्याला लागून, फटीच्या तोंडाशी कोंबडीचे तुकडे होते. एकाला एक टेकून, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही वाळून कडक झालेले, काही आजचे ओलसर. फट इतकी बारीक की त्यातून एकही जाणं शक्य नव्हतं. काही तुकडे ढकलून ढकलून चपटे झाले होते. प्रत्येक तुकडा अर्धा तोडलेला होता आणि प्रत्येकावर तो सुळा होता.

धाकटीला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. या दोघांच्या मधे आपण कुलूप घातलं होतं. इकडे एक उपाशी आणि तिकडे एक भरवायला बसलेली.

ती आत गेली. बटण तिच्या पायांतून पुढे धावला आणि खुर्चीसमोर जाऊन बसला. धाकटीने आधी सगळे तुकडे गोळा करून कागदात बांधले. मग खिडकी उघडली. मग खुर्चीसमोर फरशीवर बसली, बटणच्या शेजारी.

"ताई," ती म्हणाली. एवढं म्हणून तिला पुढे काही सुचेना.  शेवटी तिला रागच आला आणि रागाने तिचं काम सोपं केलं.

"ताई, तू त्याला मारशील अशाने. कळतंय का तुला? हे बघ." तिने बटणला उचललं, त्याचा कान उलटा केला आणि उजेडाकडे धरला. ताईला कमी दिसायचं, म्हणून तिने तो खुर्चीच्या अगदी जवळ नेला. "हे बघ, कसा लाल झालाय. हे पोट बघ. रक्त येईपर्यंत खाजवतो तो. तुझ्या कोंबडीने होतंय की पावाने होतंय, ते अजून कळायचंय. तोवर त्याला फक्त मासा द्यायचाय. हो, मासा. मला माहितेय तुला चालत नाही. पण तुझ्या दाताशिवाय तो काही खात नाही, त्याला मी काय करू?"

खोलीत काही हललं नाही. बटण तिच्या हातातून मान लांब करून खुर्चीकडे बघत होता.

"आणि बाईंच्या पातेल्यात हात घालणं बंद कर. शोभतं का तुला?"

तिने स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि खुर्चीच्या बैठकीवर ठेवली. मासा आणि रताळं, कोमट. बटणला तिथेच सोडून ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि टेबलापाशी बसली. काम समोर होतं, पण तिने त्याला हात लावला नाही. ती कान देऊन बसली.

बराच वेळ नुसतीच शांतता होती. मग खुर्ची करकरली. मग, फार नाखुशीने, टक.

आणि लगेच "थू!"

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हसू येत होतं की रडू, तिला कळेना. लहानपणी कडू औषध दिलं की ताई अशीच थुंकायची, अगदी याच सुरात. पण त्यानंतर पुन्हा टक आवाज आला. आणि पुन्हा. मधेमधे बटणच्या चावण्याचा मचमच आवाज.

ती आत गेली तेव्हा वाटी अर्धी झाली होती. बटण जिभल्या चाटत होता. खुर्चीच्या हातावर, एका टोकाला, चावून थुंकलेल्या माशाचा छोटा ढीग होता.

नवऱ्याने संध्याकाळी तो ढीग पाहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, खाजवल्यासारखं केलं आणि परत घातली. "ताईला म्हणावं," तो हळूच म्हणाला, "लिंबू पिळून देऊ का?"

"डॉक्टरीणबाईने नाही सांगितलंय," धाकटी म्हणाली.

मग तसंच चालू झालं. दुपारी वाटी खुर्चीवर ठेवायची, दार ओढायचं, थोड्या वेळाने वाटी धुवायला न्यायची. माणसाला कशाचीही सवय होते. तरीही धाकटी त्या खोलीत पाठ करून कधी उभी राहिली नाही. आणि नवरा दारावरून जाताना दर वेळी खाकरायचा, थोरल्या माणसाच्या खोलीपुढून जाताना खाकरावं तसा. बाईंचं पातेलंही शाबूत राहू लागलं. त्यांनी एकदा विचारलं, "काय केलंत हो?" धाकटी म्हणाली, "बोलले जरा." कुणाशी, ते बाईंनी विचारलं नाही.

बटणच्या पोटावर नवे केस आले. कान आतून गुलाबी झाले. दोन महिने झाल्यावर डॉक्टरीणबाईने एकेक पदार्थ परत द्यायला सांगितला. पाव सोसला. अंडं सोसलं. दूध सोसलं. कोंबडीचा तुकडा दिला आणि दुसऱ्या दिवशी तो परत कान खाजवू लागला.

"सापडली," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाली. "कोंबडी आयुष्यात नाही. बाकी काही द्या. तुम्ही फार नेटाने केलंत हो, लोकांना जमत नाही हे. घरात कुणी ना कुणी चोरून देतंच."

"आमच्याकडेही होतं एकजण," धाकटी म्हणाली. "ऐकलं शेवटी."

घरी येऊन ती सरळ मागच्या खोलीत गेली. "कोंबडीच निघाली," तिने खुर्चीला सांगितलं. "बाकी सगळं चालतं त्याला. आता तो बरा आहे, ताई. मी बघेन त्याच्याकडे. तू काळजी करू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाटी घेऊन वळली, तर बटण मागच्या खोलीतून बाहेर येत होता. एकटाच, पण एकट्यासारखा नाही. तो सावकाश चालत होता, कुणाच्या तरी पायांच्या अंगाने, मान वर करून बघत. तो तिच्या टेबलाजवळ थांबला. धाकटीच्या खांद्यावरून, हात फिरावा तशी एक गार झुळूक गेली. त्यात शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता. बाहेरचं दार तिने लोटून ठेवलं होतं, ते आपणहून उघडलं.

बटण जिना उतरू लागला. एक पायरी उतरायचा, थांबायचा, वर बघायचा, मग पुढची. ताईच्या गुडघ्यांसाठी तो नेहमी असाच उतरायचा. धाकटी वाटी हातात धरून दारातच खिळून राहिली. समोरच्या बाईंनी दार उघडलं, खाली डोकावून पाहिलं आणि तिला विचारलं, "कोण आलं होतं?"

"का हो?"

"कुणीतरी कठड्याला धरून उतरतंय असं वाटलं. मी आतूनच म्हटलं, सावकाश जा, पायऱ्या झिजल्यात."

खाली फाटकापाशी बटण बसला. रस्ता उन्हात रिकामा होता. त्याचं शेपूट हलत होतं, मग हळूहळू हलायचं थांबलं. तो तिथेच बसून राहिला, एकटक लांब बघत. वळणापलीकडे गेलेल्या माणसाकडे बघावं तसा. मग त्याने अंग झाडलं आणि तो दोन दोन पायऱ्या एकदम घेत उड्या मारत वर आला.

 धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि वाटी फरशीवर ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. बटण आला, वाटीत तोंड घातलं आणि खाऊ लागला. वर बघितलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. तिने वाटी जरा सरळ करायला हात पुढे केला, तर कुठल्याही कुत्र्यासारखा तो तिच्यावर गुरगुरला.

संध्याकाळी नवरा आला. मागच्या खोलीपुढून जाताना सवयीने खाकरला आणि टेबलापाशी येऊन विचारू लागला, "खाल्लं का आज?"

"सगळं."

"ताईने काही..."

"नाही," धाकटी म्हणाली. "त्याचं त्याने खाल्लं."

 नवऱ्याने तिच्या हातातली अर्धवट कवळी काढून बाजूला ठेवली आणि तिच्याशेजारी स्टूल ओढून बसला. ताई गेल्यापासून धाकटी नीट रडली नव्हती. ती आता रडली.